मानलेल्या माणसांचे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच प्रकारच्या पुस्तकांविषयी आहेत. नायक किंवा नायिका कुमारवयीन, भोवतालचे जग जादूच्या नियमांवर चालणारे, आणि ज्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही अशा माणसांचे हळूहळू होत जाणारे घर, असा या कादंबऱ्यांचा ढाचा असतो. त्यांतली पाच पत्रे येथे निवडली आहेत. नाव छापू नये अशी काहींची विनंती होती, म्हणून कोणाचेच छापलेले नाही. दुसऱ्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात एका हस्तलिखिताचा प्रश्न होता आणि तो दोन ओळींत उरकण्यासारखा नव्हता.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गेले वर्षभर ती एकामागून एक फॅन्टसी कादंबऱ्या वाचते आहे. त्या प्रत्येक कादंबरीत आईवडील वारलेले तरी असतात, दुष्ट तरी असतात, नाहीतर असून नसल्यासारखे असतात; नायिकेला माया मिळते ती वाटेत भेटलेल्या चार अनोळखी माणसांकडून. परवा जेवताना ती म्हणाली, "माझी माणसे मला अजून भेटायची आहेत." मी गप्प राहिले, पण ते वाक्य मनातून जात नाही. आमचे काही चुकते आहे का?

उत्तर : आईवडिलांना कथेतून बाहेर काढणे ही या लेखकांची पहिली गरज असते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा निव्वळ रचनेचे असते. ज्या घरात मुलगी कुठे गेली याची चौकशी करणारी आई आहे, त्या घरातली पंधरा वर्षांची नायिका मध्यरात्री शापित अरण्यात जाऊ शकत नाही. गेलीच, तर दुसऱ्या प्रकरणात आई तिचा दंड धरून तिला परत आणील आणि कादंबरी तिथेच आटोपेल. म्हणून लेखक आधी उंबरठा मोकळा करून घेतो. ही युक्ती फार जुनी आहे. कर्णाला नदीत सोडल्याशिवाय आणि शकुंतलेला अरण्यात टाकल्याशिवाय त्यांच्या कथा सुरूच होत नाहीत.

राहिले मुलीचे वाक्य. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यांत 'मी कोण' या प्रश्नाशी झुंजणे हे कुमारवयाचे मुख्य काम असल्याचे त्यांनी सांगितले आहे. हा प्रश्न जन्माने मिळालेल्या घरात बसून पूर्ण सुटत नाही, कारण त्या घराने मुलाला निवडलेले नसते आणि मुलानेही त्या घराला निवडलेले नसते. आपल्याला कोणीतरी ओळखून, पारखून, तरीही जवळ करावे ही ओढ या वयात जागी होते. आपल्या मुलीच्या वाक्यात तक्रारीपेक्षा अपेक्षा अधिक आहे, असे मला वाटते. शिवाय ते वाक्य तिने आपल्यासमोर, जेवताना उच्चारले, याची नोंद घ्यावी. ज्या मुलांचे घराशी बिनसलेले असते ती अशी वाक्ये सहसा घरात बोलत नाहीत.

तिच्याशी या पुस्तकांवर बोलायचे असेल, तर 'यातून काय शिकलीस' असे विचारू नये. त्या टोळीतल्या कोणाबरोबर एका खोलीत राहणे तिला अजिबात जमले नसते, असे विचारावे. उत्तर लांबलचक येईल आणि त्यातून पुष्कळ कळेल.

सावध राहावे अशी एकच गोष्ट मी सांगेन. या प्रकारातल्या काही कादंबऱ्यांत टोळीचा म्होरक्या नव्या मुलाला आधीची सगळी नाती तोडायला लावतो, आणि लेखक त्याकडे कौतुकाने पाहतो. बाहेरच्या माणसांशी बोलायची ज्या घरात बंदी आहे त्या घराला मायेचे घर म्हणता येत नाही. असे पुस्तक हाती आले, तर ते काढून घेण्याऐवजी या मुद्द्यावर तिच्याशी वाद घालावा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे आणि माझी पहिली कादंबरी लिहीत आहे. कथा अशी : एका नगरात प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर एक दिवा आहे, आणि तो त्या घराच्या रक्ताच्या माणसाने स्पर्श केला तरच पेटतो. सोळा वर्षांच्या नायिकेच्या स्पर्शाने कोणताच दिवा पेटत नाही. तिला नगराबाहेर काढतात. तिथे एका पडक्या बुरुजात तिच्यासारखीच पाच मुले राहतात, ती तिला सामावून घेतात. शेवटी सहाही जण मिळून एका दिव्याला हात लावतात आणि तो पेटतो. नायिका मूळची राजघराण्यातली आहे, हेही शेवटी उघड होते. ज्या मित्रांना वाचायला दिले ते म्हणतात की जग आवडले, पण ही मुले 'फारच लवकर' एकमेकांची झाली, आणि शेवट 'गोड पण खोटा' वाटतो. ताई, नेमके काय बिघडले आहे?

उत्तर : तुझ्या मित्रांचे कान चांगले आहेत. त्यांना जे दोन दोष जाणवले ते वरवर वेगळे दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे : तुझ्या कादंबरीत आपलेपणा जाहीर होतो, घडत नाही.

तू पाठवलेल्या सहाव्या प्रकरणात बुरुजातला सर्वांत मोठा मुलगा नायिकेला म्हणतो, "आजपासून आम्हीच तुझे कुटुंब." त्याआधी तिने तिथे फक्त एक रात्र काढलेली आहे. हे वाक्य उच्चारले गेले की पुढची दीडशे पाने वाचकाला कसलीच हुरहूर उरत नाही, कारण जे मिळवायचे ते मिळून चुकले. ते वाक्य काढून टाक आणि त्याच रात्रीचा हिशेब मांड. बुरुजात पांघरुणे पाच आहेत आणि माणसे आता सहा झाली. कोण देते? सर्वांत प्रेमळ पात्राने आपले पांघरूण पुढे केले तर ते सुंदर दिसेल, पण त्यातून काही कळणार नाही. जी मुलगी बुरुजाचा साठा सांभाळते, जिला ही नवी मुलगी नकोच आहे, तिने कुरकुरत एका जुन्या पडद्याचा तुकडा तिच्या अंगावर टाकावा आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या हिशेबात एक ओळ वाढवावी : 'सहावी. उसने.' आता वाचकाला हवे ते मिळाले. ही ओळ कधी पुसली जाणार, कोण पुसणार, की ती पुसायची राहूनच जाणार, या प्रश्नावर कितीतरी प्रकरणे उभी राहू शकतात, आणि 'कुटुंब' हा शब्द एकदाही लिहावा लागणार नाही.

रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीला लांडग्यांच्या कळपात घेतात तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाच. लांडगीण त्याला पहिल्या क्षणीच पोटाशी घेते, पण तेवढ्याने तो कळपाचा होत नाही. कळपाचा कायदा असा की एखाद्या पिल्लाबद्दल वाद निघाला, तर त्याच्या आईबापांखेरीज आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. बल्लू बोलतो. दुसरे कोणी उठत नाही. तेव्हा बघीराला सभेत बोलण्याचा हक्क नसतानाही तो कायद्यातली दुसरी वाट काढतो आणि नुकताच मारलेला एक बैल मोबदला म्हणून देऊ करतो. कळपातले बहुतेक जण त्या बैलाकडे बघून 'हो' म्हणतात, हे किपलिंग लपवत नाहीत. म्हणूनच काही वर्षांनी तोच कळप मोगलीवर उलटतो तेव्हा आपल्याला ते पटते आणि लागतेही. तुझ्या बुरुजातल्या मुलांचा कायदा काय आहे? नव्या माणसासाठी कोण बोलले, कोण गप्प बसले, आणि किंमत कोणी मोजली? याची उत्तरे कादंबरीत आली नाहीत तरी चालतील, पण तुला ठाऊक असली पाहिजेत.

आता दिव्याकडे येऊ. तुझी कल्पना खरोखर चांगली आहे, आणि म्हणूनच शेवट जास्त खटकतो. ज्या दिव्याने रक्ताच्या नियमाने नायिकेला बाहेर काढले, तोच दिवा शेवटी पेटून तिला 'तुम्ही एकमेकांचे आहात' असे सांगतो. म्हणजे तिचे घर खरे की खोटे याचा निवाडा अजूनही दिवाच करतो आहे. नियम तसाच राहिला, फक्त या वेळी निकाल तिच्या बाजूने लागला. मित्रांना खोटे वाटले ते हेच. जादूचा नियम हा अशा कादंबरीत समाजाच्या नियमाचे रूप असतो. तो कोणी केला, कोणाच्या सोयीसाठी केला आणि मोडला तर काय होते, याचा विचार तू अजून केलेला दिसत नाही. सुरुवातीला हे दिवे कशासाठी लावले गेले असतील? वारशाचे भांडण मिटवण्यासाठी? परक्यांना हाकलण्यासाठी? एखाद्या साथीच्या काळात दारे बंद ठेवण्यासाठी? यांतले एक कारण तू निवडलेस की शेवट आपोआप वेगळा सुचेल. बुरुजातली मुले गारगोटीने विस्तव पेटवतात आणि तो कोणाच्याही हाताने पेटतो, इतका साधा शेवटही आजच्यापेक्षा बरा. किंवा असे कर की नगरातल्या एका घरातली म्हातारी, जिच्या स्पर्शाने दिवा पेटतो, ती एका रात्री तो पेटवायचे नाकारते. नियमाच्या आत असलेल्या माणसाने नियम मोडणे हे बाहेरच्याने मोडण्यापेक्षा अधिक परिणाम करते.

राजघराण्याचे रहस्य मात्र बिनदिक्कत काढून टाक. नायिका मुळात राजकन्याच होती असे कळले, की तिला मिळालेली माया ही राजकन्येला मिळालेली माया ठरते आणि उरलेली पाच मुले तिच्या लवाजम्यात जमा होतात. रहस्य ठेवायचेच असेल, तर महाभारतातल्या उद्योगपर्वाकडून शीक. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन त्याला त्याचे जन्मरहस्य सांगतो, पांडव तुझ्या पायांशी बसतील, राज्य तुझे होईल, असे आमिषही दाखवतो. कर्णाचे उत्तर विलक्षण आहे. कुंतीने मला टाकले, अधिरथाने उचलून घरी आणले, माझ्यावरच्या मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, मग मी तिच्या पिंडाचा लोप कसा करू, असे तो विचारतो. रक्ताचे सत्य इथे बक्षीस म्हणून येत नाही, कसोटी म्हणून येते. आणि कर्ण मोठमोठे शब्द न वापरता तान्ह्या बाळाची घाण काढण्याचा दाखला देतो. त्याच उत्तरात तो दुर्योधनाच्या उपकारांचीही आठवण ठेवतो, म्हणजे ज्या निष्ठेने तो राधेचा राहतो तीच निष्ठा त्याला चुकीच्या बाजूला बांधून ठेवते. कादंबरीकाराला याहून मोठे घबाड दुसरे मिळणार नाही. तुझ्या टोळीतल्या एकाने तरी केवळ मायेपोटी चुकीच्या माणसाची बाजू घ्यावी, असे मला फार वाटते.

शेवटची सूचना पात्रांविषयी. सहा माणसांच्या पंधरा जोड्या होतात. सध्या तुझी पाचही मुले फक्त नायिकेशी बोलतात. एकमेकांशी त्यांचे काही देणेघेणेच दिसत नाही. नायिका येण्याआधीही ही मुले तिथे राहत होती ना? मग त्यांची जुनी भांडणे, आपसातल्या खुणा, ज्या विषयावर कोणी बोलायचे नाही असा एखादा विषय, हे सगळे आधीपासून तिथे असले पाहिजे. पंधराही जोड्या दाखवू नकोस, पण कोणत्या दोघांचे पटत नाही आणि कोणते दोघे तिसऱ्याच्या पाठीमागे एकमेकांना सावरून घेतात, हे ठरव. एक विनोदी, एक बलदंड, एक हुशार अशी वाटणी करू नकोस. ती इतक्या पुस्तकांत झाली आहे की वाचक तिसऱ्या पानावर पुढचे सगळे ओळखतो.

प्रश्न : मी दत्तक मुलगा आहे, वय बावीस. मला या कादंबऱ्या आवडतात, पण एक गोष्ट सलते. त्यांतले दत्तक किंवा सांभाळणारे आईवडील क्रूर असतात, नाहीतर नायकाचा 'खरा वारसा' सापडेपर्यंतचा मुक्काम असतात. मी उगाच मनाला लावून घेतो आहे का?

उत्तर : नाही. आपण दाखवलेला दोष खरा आहे आणि तो चांगल्या लेखकांतही आढळतो. मानलेल्या नात्यांचे गोडवे गाणाऱ्या कादंबरीने, ज्या माणसांनी तेच नाते रोजच्या जगण्यात निभावले त्यांनाच पहिल्या प्रकरणात गुंडाळून टाकावे, ही मोठी विसंगती आहे. ती येते बहुधा आळसातून : सांभाळणारे क्रूर दाखवले की नायकाने घर सोडल्याचे कारण आयते मिळते.

हॅरी पॉटरच्या मालिकेत हा गुंता थोडा वेगळ्या रीतीने आला आहे. हॅरीला छळणाऱ्या मावशीच्याच घरात त्याचे जादुई संरक्षण आहे, कारण ते त्याच्या आईच्या रक्ताशी बांधलेले आहे; आणि पहिल्याच नाताळात स्वेटर विणून पाठवते ती त्याच्या मित्राची आई, जिच्यावर त्याची कोणतीही जबाबदारी नाही. संरक्षण एकीकडे, ऊब दुसरीकडे. लेखिकेने यांतले एकही खोटे ठरवलेले नाही. तरी मावशीच्या घराचे चित्र बरेचसे व्यंगचित्रच राहते, हे मान्य करावे लागते.

आपल्या प्रश्नाचे अधिक नेटके उत्तर महाभारताच्या आदिपर्वात मिळते. पक्ष्यांनी राखलेली तान्ही शकुंतला कण्वाला अरण्यात सापडते, आणि तिला आपली मुलगी म्हणताना तो धर्मशास्त्राचा आधार देतो : शरीर देणारा, प्राण वाचवणारा आणि ज्याचे अन्न खाल्ले तो, असे तीन प्रकारचे पिता सांगितले आहेत. तिथे कण्व हा मुक्काम नाही. या तिघांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या पित्याला कथेत शेवटपर्यंत जागा देणारी फॅन्टसी कादंबरी पुष्कळ लेखकांना लिहिता आली असती, आणि फारच थोड्यांनी लिहिली. आपण लिहिता का? लिहीत असाल तर विचार करावा. लिहीत नसाल, तर वाचताना ही तक्रार सोडू नये आणि मित्रमंडळींत मोठ्याने करावी.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांचा आहे. चार भागांची एक मालिका वाचून संपवली आणि आता दुसरे काही वाचवत नाही. त्यातली माणसे मला माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा जवळची वाटतात. हे कोणाला सांगायची लाज वाटते. हे पलायन आहे का?

उत्तर : असे वाटणारा तू पहिला नाहीस आणि यात लाजण्यासारखे काही नाही. न भेटलेल्या माणसांशी असे एकतर्फी नाते जडते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच, रेडिओ आणि टेलिव्हिजनवरच्या माणसांच्या संदर्भात, मांडले होते. पुस्तकातल्या पात्रांच्या बाबतीतही ते सहज लागू पडते. पलायनाबद्दल म्हणशील, तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ सालच्या परीकथांवरील व्याख्यानात या आरोपाला चोख उत्तर दिले आहे. कैद्याने तुरुंगातून सुटायची धडपड करणे आणि सैनिकाने रणांगणातून पळ काढणे या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, असा त्यांचा मुद्दा होता.

एक मात्र तपासून बघ. त्या टोळीत तुला कोण व्हावेसे वाटते : ज्याला सगळे सांभाळतात तो, की जो सांभाळतो तो? बहुतेक वाचक पहिला निवडतात. तू दुसरा होऊन पाहा. तुझ्या वर्गात कोणी एकटे बसत असेल. त्याला हेच पुस्तक दे आणि आठ दिवसांनी कुठवर आले ते विचार. पुढचे पुस्तक मात्र लगेच घेऊ नकोस. चांगली मालिका संपल्यावर काही दिवस काहीही न वाचणे हा वाचकाचा हक्क आहे.

प्रश्न : आमच्या वाचनालयात कुमारांचा वाचक-गट सुरू करायचा आहे. ही पुस्तके कोणत्या वयाला द्यावीत, आणि चर्चा कशी घ्यावी?

उत्तर : 'यंग ॲडल्ट' या नावाखाली ढोबळमानाने बारा ते अठरा हे वय धरतात, पण ही पट्टी फार रुंद आहे. बारा-तेरा आणि सोळा-सतरा असे दोन गट करावेत. पुस्तक देण्यापूर्वी त्यातले मृत्यू, हिंसा आणि प्रेमप्रसंग किती उघड आहेत हे स्वतः वाचून पाहावे. मुखपृष्ठावरून काहीही कळत नाही, आणि गोंडस ड्रॅगनचे चित्र असलेल्या पुस्तकात अर्धी टोळी मारली जाते, असा अनुभव पुष्कळ पालकांना आहे. मालिका असेल तर पुढचे भाग बरेचदा पहिल्यापेक्षा गडद होत जातात, तेव्हा पहिला भाग चालला म्हणून चौथाही चालेल असे धरू नये.

चर्चेसाठी एका बैठकीला एकच प्रसंग घ्यावा, शक्यतो टोळीतल्या भांडणाचा. मुलांना बाजू वाटून द्याव्यात, आणि नको असलेल्या पात्राची बाजू ज्याच्या वाट्याला येईल त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दत्तक आलेली, वसतिगृहात राहणारी किंवा आईवडील विभक्त झालेली मुले गटात असू शकतात; त्यामुळे 'तुमच्या घरी कसे आहे' हा प्रश्न बैठकीत कोणालाही विचारू नये. कोणी आपणहून सांगितले तर ऐकून घ्यावे आणि चर्चा पुन्हा पुस्तकावर आणावी. गट दहा-बारांच्या वर नेऊ नये, आणि प्रत्येक पुस्तकाच्या किमान तीन प्रती असल्याखेरीज ते यादीत घेऊ नये; एकाच प्रतीसाठी रांग लागली की शेवटची मुले न वाचताच बैठकीला येतात.